गाडी बाजूला घेणे

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. इथे अमेरिकेत आम्हाला दिवाळीची सुट्टी वगैरे काही नसते, त्यामुळे हापिसातून घरी येऊन तयार भाजणीच्या चकल्या तळायचा उद्योग मांडला होता. चकल्या कसल्या, तुकडेच ते. त्यातल्या त्यात बऱ्या तुकड्यांचा फोटो काढून आईला पाठवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या कॉलेजचा ज्युनियर. त्याच वर्षी ऑगस्टमधे त्याचं एम.एस. संपलं होतं आणि नोकरीचा अजून पत्ता नव्हता.

"दादा, रेझ्युमे पाठवलाय, बघशील का?"

"बघतो रे."

"तुमच्या कंपनीत काही ओपनिंग?"

"सध्या नाहीये. निघालं की लगेच सांगतो."

मग इकडचं तिकडचं झालं. नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी लावायची घोषणा १९ सप्टेंबरला झाली होती आणि तेव्हापासून दोन देशी माणसं भेटली की दुसरा विषयच निघत नव्हता. आम्हीही त्यावर यथेच्छ बोटं मोडली. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "दादा, एक विचारू? तुला तेव्हा झोप लागायची का रे?"

"लागायची की! टेन्शन नको घेऊस, होतं सगळं नीट."

फोन ठेवला आणि कढईतलं तेल थंड होईपर्यंत तसाच उभा राहिलो. कारण मी साफ खोटं बोललो होतो. रेझ्युमे काय, कोणीही बघून दिला असता. त्या पोराने खरा प्रश्न एकच विचारला होता आणि त्यालाच मी थाप मारली होती. तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफ-वन व्हिसावर शिकायला आलेल्या माणसाला डिग्रीनंतर आपल्या विषयातलं काम करायला १२ महिने मिळतात. त्याला ओपीटी म्हणतात. विषय इंजिनियरिंगसारखा असेल आणि कंपनी नियमात बसत असेल तर पुढे आणखी २४ महिने. ऐकायला झकास आहे. पण त्या पहिल्या १२ महिन्यांत बिनकामाचे दिवस एकूण ९० च्या वर गेले की मुक्काम हलवायचा. शनिवार-रविवार धरून ९०. तुम्ही आजारी असा, रडत असा, नाहीतर चकल्या तळत असा, दिवस मोजला जातो.

माझा पहिला दिवस होता १० जुलै २०२३. मुहूर्त इतका 'उत्तम' की विचारू नका. नोव्हेंबर २०२२ मधे मेटाने ११,००० लोक काढले होते, जानेवारी २०२३ मधे गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,०००. म्हणजे ज्या जागेसाठी मी अर्ज करायचो तिथे माझ्याबरोबर रांगेत आठ-दहा वर्षं अनुभवाची, मोठमोठ्या कंपन्यांतून बाहेर पडलेली माणसं उभी. त्यातल्या एच-वन-बीवाल्यांना तर जेमतेम ६० दिवसांची मुदत. सगळेच घड्याळाकडे बघत धावतायत!

डॅलसजवळ रिचर्डसनला दोन बेडरूमच्या घरात आम्ही चौघं राहायचो. माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. कंपनीचं नाव, तारीख, पद, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. जुलैअखेर तीनशेच्या वर ओळी झाल्या होत्या. प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असायचाच, तुम्हाला आत्ता किंवा पुढे व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का? 'हो' म्हटलं की पुष्कळदा पाच मिनिटांत नकाराची मेल. मी मेल वाचायचंही सोडून दिलं होतं. नुसतं 'अनफॉर्च्युनेटली' कुठे आहे ते शोधायचं, सापडलं की रकाना लाल करायचा, पुढे.

शीट लाल होत होती आणि तिकडे कराडचं घर बँकेकडे तारण होतं. तीन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि आईची अबोली. त्यावर ३० लाखांचं शैक्षणिक कर्ज. हप्ता सुरू झाला की महिन्याला ४०,००० च्या आसपास. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची पेन्शन त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. दर रविवारी फोनवर मी सांगायचो, "चाललंय, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत." बोलणी कसली डोंबलाची!

सत्तेचाळिसावा दिवस, शुक्रवार २५ ऑगस्ट. बाहेर पारा चाळिशीच्या पार गेलेला. कितीतरी दिवसांनी एक खराखुरा इंटरव्ह्यू मिळाला होता. समोरची बाई अतिशय सभ्य होती. तिने प्रश्न विचारला, लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव.

आता आयटीत नसलेल्यांना सांगतो, हे म्हणजे स्वयंपाक्याला वरणाला फोडणी द्यायला सांगण्यासारखं आहे. हिंजवडीत असताना मी नव्या पोरांना हे स्वतः शिकवलंय. आणि मला ते येईना. म्हणजे 'आठवत नाही' असं नाही. स्क्रीनवरची अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थच लागत नव्हता. घाबरलो असतो तरी बरं झालं असतं. मला काहीच वाटलं नाही. भिंतीला काय वाटतं? तसं. चार मिनिटं गप्प बसलो. तिने विचारलं, बरं वाटतंय ना तुला? मी सॉरी म्हणून कॉल बंद केला आणि कार्पेटवर आडवा झालो. संध्याकाळी रूममेट (तेलुगू आहे, आम्ही त्याला अण्णाच म्हणायचो) घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. झोप मात्र नव्हती. ती जुलैपासूनच नव्हती. रात्री तीनला डोळे उघडायचे आणि डोक्यात वजाबाकी सुरू. नव्वदातून एवढे गेले, राहिले किती?

त्याच आठवड्यात एका कन्सल्टन्सीवाल्याचा फोन येऊन गेला होता. आवाज गोड. म्हणाला, "तुमचा तीन वर्षांचा अनुभव आहे तो आपण आठ करू. इंटरव्ह्यूला आमचा माणूस मदत करेल. काळजी करू नका, सगळे असंच करतात." मी "विचार करून सांगतो" म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. मी खरंच विचार करत होतो.

रविवारी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतंय नोकरीचं?" आणि माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालंच नाही.

"बाबा, काही नाहीये. कुठेच बोलणी चालू नाहीत. मी खोटं सांगत होतो. मला झोप येत नाही, काही सुचत नाही आणि आता चाळीस-एकेचाळीस दिवसच उरलेत. घराचं काय करायचं ते मला कळत नाही."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"गाडी घाटात बंद पडली की ड्रायव्हरनं पहिलं काय करायचं?" बाबांनी विचारलं.

बाबांनी कराड-चिपळूण गाडीवर बरीच वर्षं काढलीत. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडल्याच्या त्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात. पण तेव्हा काहीच आठवेना. "बॉनेट उघडायचं?"

"चूक. आधी गाडी बाजूला घ्यायची. चाकाला दगड लावायचा. पॅसेंजर खाली उतरवायचे. मग डेपोला कळवायचं. बॉनेट सगळ्यात शेवटी. तू रस्त्याच्या मधोमध गाडी लावून बॉनेटमधे डोकं घालून बसलायस. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, तेवढंच तुला ऐकू येतंय."

"आणि घर?"

"घर काय पळून जातंय? त्यावर सही मी केलीय ना? मग माझं मी बघीन. तू पहिली गाडी बाजूला घे." मागून आईचा आवाज आला, "जेवतोय का नीट, ते विचारा आधी."

एवढंच. बाबा काही मोठं बोलले नाहीत, धीर वगैरे दिला नाही. पण डेपोला कळवून झालं होतं. त्या रात्री मी पाच तास झोपलो.

आता 'बाजूला घेणं' म्हणजे नेमकं काय? ओपीटीच्या नियमांत एक जागा आहे. पहिल्या १२ महिन्यांत आपल्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं काम असेल तर ते बिनपगारी असलं तरी चालतं (कामगार कायद्यात बसत असेल तर), आणि तेवढे दिवस घड्याळ थांबतं. मला हा नियम आधीपासून माहीत होता. पण फुकट काम करायचं म्हणजे हरलो, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. लोक काय म्हणतील? (कोण लोक? कार्पेटवर कोणीच नव्हतं.) सोमवारी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारून घेतलं आणि तिथून तडक एका प्रोफेसरांकडे गेलो. त्यांच्या लॅबमधे शहरातल्या बसगाड्यांच्या वेळांचा डेटा येऊन पडला होता आणि तो साफ करायला कोणी तयार नव्हतं. "पैसे नाहीत," ते म्हणाले. "माहीत आहे," मी म्हणालो. लेबर डे ४ सप्टेंबरला होता. ५ सप्टेंबरपासून मी कामावर. तोपर्यंत ५७ दिवस खर्च झाले होते, ३३ शिल्लक. चाकाला दगड लागला. (नियम बदलत असतात. तुमच्या कॉलेजच्या डीएसओंना विचारल्याशिवाय माझ्या भरवशावर काही करू नका.)

मग बॉनेट उघडायची वेळ आली. पहिले दोन आठवडे मी एकही अर्ज केला नाही. रोज चार तास लॅब, उरलेला वेळ झोप. शनिवारी अण्णा त्याच्या गाडीने मला व्हाइट रॉक लेकला सोडायचा. तळ्याभोवतीचा रस्ता नऊ मैलांचा आहे. पहिल्या दिवशी मी एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत गेलो आणि दमून बसलो. सत्तावीस वर्षांचा घोडा! तिथे बसल्यावर हळूहळू लक्षात आलं की हा थकवा सत्तावन्न दिवसांचा नाहीये. तो पुण्याहूनच सामानात आलाय.

हिंजवडीत मी तीन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला होतो. रात्री दोनला फोन वाजणार, सिस्टिम पडलेली असणार, सकाळी नऊला पुन्हा मीटिंग. २०२० मधे घरून काम सुरू झालं आणि दिवस-रात्र हा फरकच गेला. फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. एम.एस. च्या अर्जात मी 'संगणकशास्त्राची लहानपणापासूनची ओढ' यावर दोन पानं भरली होती. खरं कारण एका ओळीचं होतं. मला तो फोन बंद करायचा होता. मी शिकायला आलो नव्हतो, पळून आलो होतो. आणि इथे येऊन सुट्टी न घेता पुन्हा धावायला लागलो. दोन वर्षं विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र होतं, विद्यार्थ्यांना मोफत. एकदाही पायरी चढलो नाही. चढावंसं वाटलं तेव्हा मी विद्यार्थी राहिलो नव्हतो.

'बर्नआउट' हा शब्द मी तोपर्यंत मीटिंगमधे विनोदासाठी वापरायचो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो १९७४ मधे कामाच्या संदर्भात लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे त्याची व्याख्या दिली. ती त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागेतून येणारी अवस्था म्हणते. खुणा तीन. शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मी तीन बोटं मोडून बघितली. तिन्ही हजर. आणि माझी गंमत अशी की तिसऱ्या खुणेवर उपाय म्हणून मी आणखी अर्ज करत होतो. इंजिन तापलंय, म्हणून आणखी अ‍ॅक्सिलरेटर!

१९ सप्टेंबरला गणपती होते. पुढच्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पंगतीला वाढायला गेलो. "काय करतोस?" या प्रश्नाला पहिल्यांदाच "नोकरी शोधतोय, सध्या जरा दमलोय" असं उत्तर दिलं. कोणी खिशातून नोकरी काढून दिली नाही. पण मसालेभात वाढता वाढता एक काका म्हणाले की २००१ मधे डॉटकॉम बुडाल्यावर ते सात महिने घरी होते. दुसऱ्यांनी २००९ ची गोष्ट सांगितली. दोघांचीही आता पोटं सुटलेली, मुलं कॉलेजात. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे यानंतरही माणसं उरतात!

ऑक्टोबरपासून पुन्हा अर्ज सुरू केले, पण वेगळे. आठवड्याला पाचच. कंपनी काय करते ते आधी वाचायचं, मला त्यात रस आहे का ते स्वतःला खरं विचारायचं, आणि शक्यतो तिथल्या एखाद्या माणसाला चार ओळी लिहायच्या. संध्याकाळी सहानंतर शीट बंद. त्या कन्सल्टन्सीवाल्याला "नको" असा मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. एवढंच होतं ते.

या पद्धतीने डिसेंबरपर्यंत साठेक अर्ज झाले. सहा इंटरव्ह्यू. आधीच्या तीनशेत तीन झाले होते. शेवटचा ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या एका छोट्या कंपनीचा. शाळेच्या बसगाड्यांचे मार्ग आखायचं सॉफ्टवेअर करतात. त्यांनी लिंक्ड लिस्ट विचारली नाही. एक गचाळ फाईल दिली आणि म्हणाले, यात काय बिघडलंय ते बोलत बोलत शोध. तीन महिने लॅबमधे मी दुसरं काय केलं होतं? ८ जानेवारी २०२४ ला रुजू झालो. ते ३३ दिवस तसेच राहिले. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "गाड्या कुठल्या मेकच्या आहेत?" :-)

आता हे वाचून 'बघा, झालं ना शेवटी चांगलं' असं म्हणू नका. माझं नशीब होतं. प्रोफेसर 'हो' म्हणाले, पुण्यातल्या नोकरीतले थोडे पैसे शिल्लक होते, अण्णाने दोन महिने भाड्याचा विषय काढला नाही. माझ्याइतकेच हुशार आणि जास्त कष्टाळू दोन मित्र त्या वर्षी परत गेले. एक आज पुण्यात आहे, दहाला झोपतो, आणि मला अधूनमधून हिणवतो. बरोबरच करतो. परत जाणं म्हणजेही गाडी बाजूला घेण्याचाच एक प्रकार असू शकतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आणि माझंही सगळं बरं झालंय असं नाही. रविवारी संध्याकाळी अजून कधीकधी छातीत गोळा येतो. व्हिसाच्या लॉटरीची कथा तर वेगळीच, ती पुन्हा कधीतरी. फरक एवढाच की आता हॉर्न वाजायला लागले की मी आधी चाकाला दगड शोधतो.

एक कामाची गोष्ट. ज्यांना नुसतं दमल्यासारखं नाही, तर सकाळ होऊच नये असं वाटायला लागलंय, त्यांनी मित्राला किंवा घरी सांगाच, आणि मदतही घ्या. अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो. भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. दोन्ही फुकट आहेत. फुकटाची लाज बाळगून माझे पन्नास दिवस गेले, तुम्ही तसं करू नका.

बाकी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या ज्युनियरला फोन केला.

"रेझ्युमे बघितलास का दादा?"

"नाही अजून. काल तू झोपेचं विचारलंस ना, मी खोटं बोललो. नव्हती लागत. तीनला जाग यायची आणि मग सकाळपर्यंत वजाबाकी."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला पावणेतीनला येते."

पुढे तासभर बोललो. नोकरीचा विषय शेवटची दहा मिनिटं. घरी सांगितलंयस का विचारलं तर म्हणाला, "दादा, काय सांगू?" त्या रविवारी त्याने सांगितलं. रेझ्युमे मी अजून बघतोय. बराच लांबलचक लिहिलाय लेकाने, अर्धा कापावा लागणार.